वाचाघात, ऑक्सिजन आणि चाळीस बैठका

पक्षाघातानंतर किंवा डोक्याला जबर मार लागल्यानंतर ज्यांची भाषा हरवली आहे, अशा रुग्णांना दाबाच्या कक्षात बसवून शुद्ध ऑक्सिजन द्यावा की नाही, हा वाद आता मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांपासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत पोहोचला आहे. एक बाजू म्हणते की आमचा माणूस चाळीस बैठकांनंतर बोलू लागला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरी म्हणते की हे सारे थोतांड आहे आणि लुटण्याचा धंदा आहे. पहिली बाजू सुधारणा दिसली एवढ्यावरून तिचे कारणही सिद्ध झाल्याचे धरून चालते, तर दुसरी बाजू कारण सिद्ध झालेले नाही म्हणून सुधारणाच नाकारते आणि रोज रुग्णाजवळ बसणाऱ्या कुटुंबाला खोटे ठरवते. माझे मत असे की सुधारणा बहुतेक वेळा खरी असते, पण ती ऑक्सिजनमुळे झाली हे आजवर दाखवता आलेले नाही. म्हणून भाषा परत आणणारा उपचार या नावाखाली हा ऑक्सिजन विकला जाऊ नये. त्याची रीतसर चाचणी जरूर व्हावी, पण तिचा खर्च रुग्णाच्या माथी बसू नये.

‘बोलू लागला’ म्हणजे नेमके काय झाले, हे आधी विचारायला हवे. 1861 साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी केली, त्याला ‘टॅन’ या एका अक्षरसमूहापलीकडे जवळजवळ काहीच उच्चारता येत नव्हते, मात्र समोरच्याचे म्हणणे त्याला बरेचसे कळत होते. पुढे 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार वर्णन केला, ज्यात रुग्ण अस्खलित बोलतो पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला उमगत नाही. हे दोन्ही वाचाघात, ज्याला डॉक्टर अफेजिया म्हणतात. जीभ, ओठ आणि घसा यांचे स्नायू दुबळे पडून उच्चार बोबडे होणे हा याहून निराळा त्रास आहे, आणि सुस्ती व गुंगीमुळे न बोलणे हा आणखी तिसरा. तीनही रुग्णांबद्दल घरचे लोक ‘वाचा गेली’ असेच म्हणतात, आणि तिघांपैकी कोणाचाही आवाज ऐकू आला की ‘वाचा आली’ म्हणतात. मेंदूची सूज उतरली, गुंगी आणणारे एखादे औषध कमी झाले किंवा नैराश्यावर इलाज झाला, तरी माणूस अधिक बोलू लागतो. शिवाय पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत भाषेत आपोआप होणारी सुधारणा सर्वांत वेगवान असते, आणि नातेवाइकांची धावपळही नेमकी याच काळात चाललेली असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती अशी.

तरीही ऑक्सिजनवाल्यांची बाजू टाकाऊ नाही, आणि तिची थट्टा करणाऱ्यांनी ती नीट वाचलेली नसते. समुद्रसपाटीवर निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असते, त्यामुळे नुसता मास्क लावून त्यात फारशी भर पडत नाही. दाब वाढवला की चित्र पालटते. एरवी 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 0.3 मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तीन वातावरणांच्या, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या तिप्पट, दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर हे प्रमाण 6 मिलिलिटरच्या आसपास जाते आणि विश्रांत शरीराची गरज तेवढ्यावरही भागू शकते. ॲम्स्टरडॅममध्ये इटे बोरेमा यांनी डुकरांच्या रक्तातले हिमोग्लोबिन जवळजवळ नाहीसे करून त्यांना अशा दाबाखाली जिवंत ठेवले आणि 1960 मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. पाणबुड्यांना होणारा दाब-विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, वायुजन्य कोथ (गॅस गँग्रीन), मधुमेहातल्या पायाच्या काही चिघळलेल्या जखमा, किरणोपचाराने कुजलेले जबड्याचे हाड अशा आजारांत हा उपचार जगभर मान्य आहे. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात दाबकक्ष आहे तो हौसेखातर उभारलेला नाही.

मेंदूच्या बाबतीतला युक्तिवादही वरवर पाहता समजूतदार आहे. रक्तपुरवठा तुटलेल्या भागाच्या मध्यभागी पेशी मरतात, पण कडेच्या पट्ट्यात काही पेशी अर्धमेल्या अवस्थेत तग धरून असतात. अमेरिकी डॉक्टर रिचर्ड न्यूबाउअर यांनी 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका पत्रात अशा निष्क्रिय पण जिवंत पेशी वर्षांनंतरही जाग्या करता येतील, अशी कल्पना मांडली. इस्रायलमध्ये शाई एफ्राती यांच्या गटाने 2013 मध्ये पक्षाघाताला सहा महिने ते तीन वर्षे उलटलेल्या 74 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वातावरणांचा दाब, प्रत्येकी 90 मिनिटे, एकूण 40 बैठका. उपचार घेतलेल्यांत सुधारणा दिसली, मेंदूच्या चित्रणातही फरक दिसला. आज आपल्याकडे जी चाळीस बैठकांची पॅकेजे दिली जातात, त्यांच्या समर्थनार्थ हाच अभ्यास बहुधा पुढे केला जातो.

त्या अभ्यासात तुलना कशाशी झाली? दुसऱ्या गटाला त्या काळात कोणताच उपचार दिला गेला नव्हता. त्यांना नंतर कक्षात बसवण्यात आले. याचा अर्थ एका गटाला दोन महिने रोज घराबाहेर पडणे, ठरलेल्या वेळी पोहोचणे, चार माणसांत बसणे, तंत्रज्ञांची विचारपूस आणि ‘आता काहीतरी होणार’ ही उमेद एवढे सगळे मिळाले, आणि शिवाय ऑक्सिजन मिळाला. दुसऱ्याला यातले काहीच मिळाले नाही. फरक पडला तर श्रेय कोणाला द्यायचे? हा किस काढण्याचा प्रकार वाटत असेल, तर कॅनडातल्या क्वीबेकमध्ये काय झाले ते पाहावे. तिथे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांनी याच उपचाराचा आग्रह धरला होता, आणि सरकारी पैशांतून चाचणी झाली. तीन ते बारा वर्षांच्या 111 मुलांपैकी अर्ध्यांना 1.75 वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला, उरलेल्यांना त्याच कक्षात 1.3 वातावरणांच्या दाबाखाली साधी हवा. दोघांच्याही चाळीस बैठका झाल्या. 2001 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेला निष्कर्ष असा, की दोन्ही गटांतली मुले सुधारली, हालचालीत, बोलण्यात, लक्ष देण्यात, सगळ्यात सुधारली, आणि सारखीच सुधारली. पालकांना दिसलेली सुधारणा खोटी नव्हतीच, मात्र शुद्ध ऑक्सिजन मिळालेली मुले साधी हवा मिळालेल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत. जन्माच्या आसपास इजा झालेला मुलाचा मेंदू आणि साठीत पक्षाघात झालेल्या माणसाचा मेंदू यांत फरक आहे, हे कबूल. पण अमेरिकी सैन्यातल्या, डोक्याला मार लागून दीर्घकाळ त्रास होत असलेल्या 72 जवानांची 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी हेच सांगते: दाबाखालचा ऑक्सिजन आणि किंचित दाबाखालची साधी हवा हे दोन्ही गट नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा बरे झाले, आणि त्या दोघांत फरक नव्हता.

यावर उपचाराच्या पुरस्कर्त्यांकडे एक उत्तर आहे, आणि ते चतुर आहे. ते म्हणतात की 1.3 वातावरणांची साधी हवा हीसुद्धा उपचारच ठरते. त्यामुळे या चाचण्यांत दोन मात्रांची तुलना झाली, उपचार आणि नाटक यांची झालीच नाही. वाद इथे खरा रंजक होतो. 21 टक्के ऑक्सिजन असलेली हवा 1.3 पट दाबाखाली घेतली तर ते साध्या दाबावर सुमारे 27 टक्के ऑक्सिजन घेण्यासारखे आहे. एवढे तर नाकाला साधी नळी लावून घरच्या ऑक्सिजन यंत्रावर मिळते. एवढ्याने काम होत असेल, तर कक्ष, तंत्रज्ञ आणि पॅकेज कशासाठी? ‘ऑक्सिजनमुळे होत नसेल, दाबामुळे होत असेल’ असे म्हणायचे असेल, तर मग ऑक्सिजनच्या नावाने चाललेली जाहिरात आधी मागे घ्यावी आणि थोड्याशा दाबाने पेशींत काय घडते हे दाखवावे. नुसता मंद प्रवाहाचा ऑक्सिजन देऊन काय होते याचे एक उत्तरही उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये 8,003 पक्षाघात रुग्णांवर तशी चाचणी झाली आणि 2017 मध्ये तिचा निकाल आला. तीन महिन्यांनंतर मृत्यू किंवा अपंगत्व यांत काहीही फायदा नव्हता. तो पहिल्या दिवसांतला उपचार होता, जुन्या इजेवरचा नव्हता, एवढी सूट मी देतो. पण मग जुन्या इजेवरही तीच चाचणी करून पाहावी, ती महागही नाही.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात याची एक बोलकी पूर्वपीठिका आहे. 1950 च्या दशकात छातीतल्या दुखण्यावर छातीच्या भिंतीमागची एक धमनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत गाजत होती. तिचे तर्कशास्त्र पटण्यासारखे होते, की ही वाट बंद केली म्हणजे रक्त हृदयाकडे वळेल, आणि रुग्ण आपणहून सांगत की दुखणे कमी झाले, चालता येऊ लागले. 1959 मध्ये लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी 17 रुग्णांवर चाचणी केली: काहींची धमनी बांधली, काहींना फक्त त्वचेवर छेद दिला. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. त्या रुग्णांना कोणी मूर्ख म्हटले नाही, त्यांचे दुखणे खरोखरच कमी झाले होते. फक्त धमनी बांधण्याचे कारण उरले नाही.

‘झाला तर फायदा, नुकसान तर नाही ना’ हे वाक्य या चर्चेत सर्वांत जास्त ऐकू येते. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये आपण सिलिंडरसाठी रात्री जागवल्या, नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर ऑक्सिजन या गोष्टीकडे औषध म्हणून संशयाने पाहणे आपल्याला जड जाते, हे समजण्यासारखे आहे. पण ऑक्सिजन औषधच आहे, आणि औषधाला मात्रा असते. 1940 च्या दशकात अकाली जन्मलेल्या बाळांना भरपूर ऑक्सिजन देण्याची पद्धत रूढ झाली, कारण त्यात वाईट काय असणार असेच सर्वांना वाटत होते. जगभरात सुमारे दहा हजार मुले त्यात आंधळी झाली. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अतिरिक्त ऑक्सिजनने बिघडल्या होत्या, हे निर्विवादपणे कळायला अमेरिकेत 1953 आणि 1954 मध्ये अठरा रुग्णालयांनी मिळून तुलनात्मक चाचणी करावी लागली. दाबकक्षात कानाच्या पडद्याला इजा होणे नेहमीचे, तात्पुरता दृष्टिदोष येतो, क्वचित झटका येतो. ज्याच्या मेंदूला आधीच व्रण आहे त्याच्यासाठी झटका ही किरकोळ बाब नव्हे. आणि आग. 1997 मध्ये मिलानच्या एका रुग्णालयात कक्षाने पेट घेतला आणि अकरा जण गेले. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पाच वर्षांचा एक मुलगा अशाच कक्षात जळून मरण पावला. हे अपघात दुर्मीळ आहेत आणि मान्य आजारांसाठी तो धोका पत्करणे योग्यही आहे. ज्या आजारात फायदा सिद्ध नाही, तिथे दुर्मीळ धोक्याच्या बदल्यात पदरात काय पडते?

मग ‘प्रत्येक नव्या कल्पनेला प्रस्थापितांनी वेड्यातच काढले’ असे म्हटले जाते, आणि इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांचे नाव ठरलेले असते. पण सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये व्हिएन्नात हात धुण्याचा नियम केला तेव्हा त्यांच्या हाती शेजारीशेजारी असलेल्या दोन प्रसूतिकक्षांतले मृत्यूंचे आकडे होते; त्यांची ताकद तुलनेत होती, आणि इथे नेमकी तुलनाच प्रतिकूल आहे. दाबाच्या उपचाराला स्वतःचा एक इतिहासही आहे, तो त्याचे पुरस्कर्ते क्वचित सांगतात. ऑर्व्हल कनिंगहॅम यांनी 1928 मध्ये क्लीव्हलँडला एका धनाढ्य उद्योगपतीच्या पैशांतून पोलादाचा पाचमजली गोल उभारला आणि त्यात संकुचित हवेने मधुमेह, उपदंश, कर्करोग बरे करण्याचा दावा केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पुरावा मागितला, तो कधी आला नाही, आणि 1942 मध्ये तो गोल युद्धासाठी मोडीत निघाला. त्या फसवणुकीच्या आठवणीमुळे पुढे खऱ्या दाबचिकित्सेलाही वर्षानुवर्षे संशयाचा सामना करावा लागला.

मला अधिक उपयोगी वाटणारे उदाहरण पक्षाघाताच्याच क्षेत्रातले आहे. मेंदूतल्या धमनीत तार घालून रक्ताची गुठळी बाहेर ओढण्याच्या उपचाराबद्दल 2013 मध्ये तीन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या आणि तिन्ही निराशाजनक होत्या. तो उपचार करणाऱ्यांना स्वतःच्या रुग्णांत सुधारणा दिसत होतीच. त्यांनी ‘आमचे डोळे खोटे का’ असे म्हणत धंदा चालू ठेवला असता, तर प्रश्न तिथेच अडकला असता. त्यांनी रुग्णांची निवड काटेकोर केली, धमनी खरोखर बंद आहे हे चित्रणात आधी पाहिले, उपकरण सुधारले आणि पुन्हा चाचणीला उभे राहिले. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या 500 रुग्णांच्या चाचणीने आणि त्याच वर्षीच्या आणखी चार चाचण्यांनी फायदा सिद्ध केला. आज हा उपचार जगभर दिला जातो. ऑक्सिजनवाल्यांसमोर हाच रस्ता मोकळा आहे.

आता विरोधकांना अडचणीत आणणारा मुद्दा. नातेवाईक विचारतात, ‘मग आम्ही काय करू?’ आणि बहुतेक तज्ज्ञ ‘स्पीच थेरपी करा’ एवढे सांगून मोकळे होतात. तालुक्याच्या ठिकाणी स्पीच थेरपिस्ट कुठे आहे? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात वाचा-उपचारांचे शिक्षण मिळते, पण गेवराईच्या किंवा सावंतवाडीच्या कुटुंबाला त्याचा काय उपयोग? दाबकक्षवाला निदान फोन उचलतो, वेळ देतो, रोज या म्हणतो. तो विकतो त्यातला ऑक्सिजन बाजूला काढला तर उरते ती नियमितता आणि माणसाकडे दिलेले लक्ष, आणि आपली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था नेमक्या त्याच दोन गोष्टी द्यायला विसरली आहे. या उपचाराच्या लोकप्रियतेचे खापर कुटुंबांच्या अज्ञानावर फोडणे हा मला चक्क पळपुटेपणा वाटतो.

वाचा-उपचारांचा पुरावा मात्र आहे, आणि तो तासांच्या हिशेबात आहे. जर्मनीत सहा महिन्यांहून जुना वाचाघात असलेल्या 158 रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास असे सघन उपचार दिले गेले. रोजच्या व्यवहारातला संवाद सुधारला, हे 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. म्हणजे तीस तास. चाळीस बैठका, प्रत्येकी दीड तास, हे साठ तास होतात, आणि ते रुग्ण तोंडावर मास्क लावून न बोलता काढतो. वाचा-उपचार म्हणजे जादू नव्हे; ब्रिटनमध्ये संगणकावर शब्द घोकवून घेण्याची चाचणी झाली तेव्हा शब्द सापडणे सुधारले, पण संभाषण सुधारले नाही. म्हणूनच शब्दांची यादी पुरत नाही, माणूस समोर लागतो, आणि तो रुग्णाच्या बोलीत बोलणारा लागतो. आयुष्यभर मालवणीत किंवा अहिराणीत भांडलेल्या बाईला इंग्रजी चित्रांच्या तक्त्यावर तपासून ‘प्रगती नाही’ असे लिहिणे हा उपचार नव्हे. तज्ज्ञाने आठवड्यातून एकदा दूरध्वनीच्या पडद्यावरून पाहावे, रोजचा सराव घरातल्या कोणीतरी किंवा प्रशिक्षित आरोग्यसेविकेने घ्यावा, अशी रचना जिल्हा रुग्णालयांतून उभी करता येईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचे अपंगत्व नोंदलेले आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचे नाव स्पष्टपणे आहे. मग त्या अपंगत्वाचे पुनर्वसन हे दानधर्माच्या खात्यात का?

विक्रीला आळा घालायलाही नवा कायदा लागत नाही. 1954 च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार आणि पक्षाघात ही दोन्ही नावे आहेत, आणि त्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात त्या कायद्याने निषिद्ध आहे. मूलपेशींच्या (स्टेम सेल) बाबतीत आपण हा प्रश्न एकदा सोडवलाही आहे: रक्ताचे काही ठरावीक आजार वगळता मूलपेशी रीतसर चाचणीबाहेर उपचार म्हणून देऊ नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णाकडून घेऊ नये, हेही परिषदेच्याच नीतितत्त्वांत आहे. तीच रेघ इथे ओढावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर 2013 मध्येच ग्राहकांना इशारा देताना, ज्या आजारांवर दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपयोग सिद्ध नाही त्यांत पक्षाघाताचे नाव घेतले होते.

ज्या केंद्रांचा आपल्या उपचारावर खरोखर विश्वास आहे, त्यांच्यासाठी पहिली पायरी चाचणीपेक्षाही सोपी आहे. प्रत्येक वाचाघात रुग्णाची भाषा पहिल्या बैठकीआधी आणि शेवटच्या बैठकीनंतर, केंद्राशी आर्थिक संबंध नसलेल्या स्पीच थेरपिस्टकडून, त्याच्या मातृभाषेत मोजून घ्यावी. इजा होऊन किती महिने झाले आणि त्या काळात इतर कोणते उपचार चालू होते, हे सोबत नोंदवावे. आणि सुधारलेल्यांबरोबर न सुधारलेल्यांचेही आकडे प्रसिद्ध करावेत. एवढ्याने कारण सिद्ध होणार नाही, तुलनेचा गट लागेलच. पण पॅकेजचे पैसे घेण्याआधी कुटुंबासमोर निदान तो कागद ठेवता येईल.